पुड्यावरील अक्षरे
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



कार्यकारी मंडळाने चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती मी शिरसावंद्य मानतो. मी मॅट्रिक होऊन मास्तरकीत शिरलेला मनुष्य. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु मुलांना अक्षरओळख करून देण्यात माझा जन्म गेला, आणि आज मला अक्षरांविषयीच बोलावयाचे आहे.

1972 च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. वडील खडी फोडावयास जात. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर परदेशचा तांबडा मिलो. त्यात काय आहे हे कोणी विचारले नाही. पोटात आग पडलेली असता विचारावयाचे तरी कोणास? आज तशी स्थिती नाही. तरीही ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या या धाराशिव जिल्ह्यात आपण काय खातो हे विचारीत नाही. आजाऱ्यास भेटावयास जाताना पूर्वी मोसंबी नेत असू, आता बिस्किटांचा पुडा नेतो.

घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या सौभाग्यवतींना मधुमेह आहे. पुड्यावर गव्हाच्या लोंब्यांचे चित्र पाहून एक विशिष्ट बिस्किट मी त्यांच्यासाठी तीन वर्षे श्रद्धेने आणीत होतो. गेल्या दिवाळीत सातवीतील नातीने माझे भिंग घेऊन मागील बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाली, ‘‘आजोबा, यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम साखर आहे.’’ जागतिक आरोग्य संघटना तर सांगते की, मनुष्याने वरून घेतलेली साखर दिवसाकाठी 25 ग्रॅमच्या आत राहिल्यास उत्तम. मी मास्तर असून पुड्याची पाठ कधी उलटून पाहिली नव्हती. त्या दिवशी मला फार लाज वाटली.

मिठाची गोष्ट याहून आडवळणाची. पुड्यावर मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात, तेही मिलिग्रॅममध्ये. त्या आकड्यास अडीचने गुणावे, म्हणजे मीठ निघते. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. आणि दिवसाची मर्यादा 5 ग्रॅमची! किराणा दुकानी उभ्या राहिलेल्या माउलीने हा त्रैराशिकाचा हिशोब करावा, अशी अपेक्षा आहे काय?

शिवाय भाषा. 2020 च्या नियमांप्रमाणे हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की पुरे. मराठी घातल्यास हरकत नाही, इतकेच. म्हणजे आपल्या गावी विकावयाच्या वस्तूवर आपली भाषा दुकानदाराच्या मर्जीवरही नाही, कारखानदाराच्या मर्जीवर!

पुड्याच्या दर्शनी बाजूस स्पष्ट खूण असावी, हा विचार नवा नाही. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाने 2016 पासून साखर, मीठ वा चरबी अधिक असलेल्या पुड्यांवर काळी अष्टकोनी खूण सक्तीची केली. आपल्याकडे 2022 मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तारे देण्याचा मसुदा काढला. मला तो रुचला नाही. पोरास गणितात नापास व्हावे लागत असेल तर चित्रकलेचे गुण मिळवून त्यास वर चढवू नये; ताऱ्यांत नेमके तेच होते. थोडे तंतू, थोडा सुकामेवा घातला की साखरेचा दोष झाकला जातो. सर्वोच्च न्यायालयाने 9 एप्रिल 2025 रोजी यासंबंधीच्या शिफारशी तीन महिन्यांत तयार करण्याचा आदेश दिला. पुढे मुदत वाढवून द्यावी लागली. शाकाहारी वस्तूवरील हिरवा ठिपका निरक्षर आजीसही कळतो. मग साखरेचा का कळू नये?

कोणी म्हणेल, ऊस पिकविणाऱ्या जिल्ह्यात साखरेविरुद्ध बोलता? ढोकीच्या तेरणा कारखान्याचे आपल्या भागावर उपकार आहेत, ते मी विसरलो नाही. कुंथलगिरीचा पेढाही मी आनंदाने खातो. पेढा खाताना आपण गोड खात आहोत हे मला ठाऊक असते. माझी तक्रार न सांगता घातलेल्या साखरेविषयी आहे.

दर्शनी बाजूस इशाऱ्याची खूण आणि मजकूर मराठीतही असावा, अशा मागणीचे पत्र प्राधिकरणास पाठविण्याचा ठराव मी मंडळापुढे मांडीत आहे. पत्राचा मसुदा दाराशी मेजावर ठेविला आहे. भगिनींनी सह्या आधी कराव्यात, कारण किराण्याची यादी त्याच करतात. माझे भिंगही तेथेच आहे. जाताना ते कृपा करून परत ठेवावे.