शीड, कप्पी आणि दोन कुत्री
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी ‘अमेरिकेतल्या अनुभवांवर बोल’ असं सांगितलं होतं. नोकरीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. अठरा वर्षं सिअॅटलला सॉफ्टवेअर लिहिते आहे, आणि निम्म्या वर्गाचं तेच चाललंय. त्याऐवजी गेल्या मे महिन्यात आम्ही आमची शिडाची होडी कुत्र्यांसकट पहिल्यांदा बाहेर काढली, त्याची हकीगत सांगते. कोकणातल्या शाळेत ती खपून जाईल.

होडी सेकंडहँड. कॅटलिना २७ म्हणतात तिला. १९७१ साली कॅलिफोर्नियात ही जात पहिल्यांदा बनली. लांबी सव्वाआठ मीटर, आणि उलटू नये म्हणून तळाशी बाराशे किलोंच्या वर वजन. कुत्री दोन. बुंदी तीन वर्षांची, आगाऊ. चिमी बारा वर्षांची लॅब्रेडॉर, वजन ३२ किलो, मागचे पाय संधिवाताने आखडलेले. मुलगा कॉलेजला गेल्यापासून घरात आम्ही दोघं आणि ह्या दोघी. ऑगस्टमध्ये होडीतून सॅन वान बेटांकडे जायचा बेत होता. चिमीला जमलं तर सगळे जाणार, नाहीतर कुणीच नाही. या वयात तिला दोन आठवडे परक्यांकडे ठेवायला मी तयार नव्हते. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य आम्ही घरात दोघंही टाळत होतो.

कुत्र्यांना होडी आवडते, हा फोटोंनी पसरवलेला समज आहे. त्यांना पायाखालची जमीन हलायला नको असते. म्हणून आमच्या धंद्यातली रीत वापरली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लाइफ जॅकेट आधी घरात, जेवताना घालायचं. मग धक्क्याला बांधलेल्या होडीत नुसतं बसायचं. मग बांधलेल्या होडीत इंजिन सुरू करायचं. गुळगुळीत फायबरवर पाय घसरतात म्हणून योगाच्या दोन जुन्या मॅट कापून अंथरल्या. शी-शूसाठी खोट्या गवताचा तुकडा ठेवला. त्यावर काय करायचं हे बुंदीला कळलं, चिमीने मात्र त्याच्याकडे अपमान झाल्यासारखं पाहिलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका प्रश्नात. चिमी पाण्यात पडली तर वर कशी घ्यायची? होडीची कड पाण्यापासून जवळजवळ मीटरभर उंच, मे महिन्यात तळ्याचं पाणी चांगलंच गार, आणि भिजलेली ३२ किलोंची कुत्री वाकून उचलणं आम्हा दोघांनाही शक्य नाही. इथे नववीची कप्पी कामाला आली. शिडाच्या तळाशी जी आडवी दांडी असते, बूम, तिला आवरणारा दोर चारपदरी कप्प्यांतून जातो. तोच दोर सोडवून कडेवर आणला की चौथ्या हिश्श्याच्या जोरात काम होतं. म्हणजे आठ किलो, शिवाय घर्षण. सर, तुम्ही घर्षण विसरू देत नव्हता, आणि ते खरंच बरंच निघालं. आधी पाण्याचे कॅन ताडपत्रीच्या झोळीत घालून उचलून पाहिले, दोनदा, आणि मगच पुढे गेलो.

जागा लेक वॉशिंग्टन. गोडं पाणी, भरती-ओहोटी नाही. दिवस निवडला तो आठ-दहा नॉटच्या वाऱ्याचा, म्हणजे ताशी पंधरा-अठरा किलोमीटर. उत्तरेचा वारा होता. पुढचं शीड गुंडाळलेलंच ठेवलं, मोठं शीडही थोडं आखडून लावलं, म्हणजे होडी कमी कलते. कुत्र्यांना गळ्यातल्या पट्ट्याने होडीला बांधलं नाही. पट्टा अडकून लोंबकळली तर गळफास बसतो. दोर लाइफ जॅकेटच्या पाठीला लावला.

इंजिन बंद केलं आणि होडी कलली. बुंदी बदकांवर भुंकत होती. चिमीने जांभया द्यायला आणि ओठ चाटायला सुरुवात केली. ही भीतीची खूण, झोपेची नव्हे. मग ती स्वतःच उठली, खालच्या बाजूच्या बाकाला पाठ लावून रुतून बसली, म्हणजे घसरायला जागाच उरली नाही. हे आम्ही तिला शिकवलं नव्हतं.

अडलं ते दिशा बदलताना. होडीचं नाक वाऱ्यातून फिरतं तेव्हा शीड काही क्षण फडफडतं, आणि बूम डोक्यावरून पलीकडे जातं. त्या फडफडीला चिमी थरथरायला लागली. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी मी तिच्याजवळ खाली बसले, आणि नवऱ्याने फिरवण्याची बाजूच बदलली: वारा पाठीवर घेऊन, बूमचा दोर हाताने आवरत, हळूच. या पद्धतीत वारा जोराचा असेल तर बूम धाडकन येतं, म्हणून शहाणी माणसं ती टाळतात. पण एवढ्या वाऱ्यात दोर हातात असेल तर आवाज जवळजवळ होत नाही. चिमीने मान वर करून पाहिलं आणि परत पंजांवर ठेवली. तरंगत्या पुलापर्यंत जाऊन परत आलो, दोन तास दहा मिनिटं. धक्क्यावर उतरताना तिला मागून आधार द्यावा लागला, पण तो घरच्या पायरीवरही लागतो.

डॉक्टरांनी होकार दिलाय. आता खाडीत उतरायला १९१७ सालच्या बॅलर्डच्या लॉक्समधून जावं लागेल. तिथे भरती-ओहोटीप्रमाणे पाणी दोन ते आठ मीटर खाली जातं, आणि तोवर दोघांनीही दोर हातात धरून सैल सोडत राहायचं असतं. तेव्हा चिमीपाशी कोण बसणार, हे अजून ठरलेलं नाही. मुलाला सुट्टी आहे का, विचारलंय.