सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे



मी कॅन्सरच्या पेशंटांना सरकारी योजनेची कागदपत्रं जमवायला मदत करतो. त्यात विशी-पंचविशीतली मुलंमुलीही असतात. त्यांच्याबद्दल मोहल्ल्यात फार कमी बोललं जातं, म्हणून आज बोलतोय.

आधी पैशांचं. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड, आधार घेऊन पहिल्याच दिवशी त्याला भेटा. पण मराठवाड्यातून मुंबईला आलेल्या घराचा खर्च तिथे संपत नाही. खोलीचं भाडं, जेवण, सोबत आलेल्या बापाचा बुडालेला रोज, हे खिशातूनच जातं. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशांना आसरा देते, पण सगळ्यांना जागा कुठून पुरणार? बाकीचे उधारी करतात.

कुरआनने जकातीचे आठ हकदार सांगितलेत. त्यात गरीब आहेत, तसे कर्जात अडकलेलेही आहेत. रमजानमध्ये जकात काढताना हा कर्जदार आपल्याला आठवतो का?

आता मनाचं. या वयात शिक्षण, नोकरी, निकाह सगळं दारात उभं असतं. केमोने केस जातात, मित्र पास होऊन पुढे जातात. काही औषधांचा पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. हे उपचाराआधीच डॉक्टरांना विचारायचं असतं, पण लाजेपोटी राहून जातं. मुलीचा आजार तर ‘रिश्ता येणार नाही’ म्हणून लपवतात. ती रडली की आपण म्हणतो, ‘सब्र कर.’

सब्र हवाच. पण हजरत याकूब अलैहिस्सलाम मुलाच्या दुःखात इतके रडले की त्यांची नजर गेली, तरी ते सब्राचीच मिसाल राहिले. दुःख बोलून दाखवणं, समुपदेशकाकडे जाणं ही ईमान कमी असल्याची खूण नाही. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

तुमच्या गल्लीत असं कुणी असेल तर ‘काही लागलं तर सांग’ म्हणून निघून येऊ नका. पुढच्या केमोची तारीख विचारा. त्या दिवशी सोबत जा. रांगेत तुम्ही उभे राहा, पेशंटला बसू द्या.