क्षार जातात कुठे?

(सांगली येथील व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला गेली, हे आपणा सर्वांना स्मरत असेल. तहानलेल्या मराठवाड्याला पाणी देणारा हा आपला जिल्हा. परंतु त्याच कृष्णाकाठी आज पिण्याच्या पाण्याचे जार विकत घ्यावे लागतात. असे का व्हावे?

उत्तर जमिनीत आहे. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांतील काळ्या रानांना आपण उसासाठी मोकाट पाणी पाजले. निचरा झाला नाही. भूजल वर आले. पाणी उन्हाने उडून गेले, क्षार मागे राहिले. जमिनी क्षारपड झाल्या, विहिरी मचूळ झाल्या. जत, आटपाडी आणि साताऱ्यातील माण, खटाव येथे पाऊसच थोडा. तेथील लोकांची भिस्त खोल विंधन विहिरींवर राहिली.

अशा वेळी विज्ञान साहाय्यास येते. विशिष्ट पातळ पडद्याच्या एका बाजूस गोडे व दुसऱ्या बाजूस खारे पाणी ठेवले, तर गोडे पाणी खाऱ्याकडे ओढले जाते. खाऱ्या बाजूवर पुरेसा दाब दिला, की प्रवाह उलटतो. पाणी पलीकडे जाते, क्षार अलीकडे राहतात. यालाच आपण आर. ओ. म्हणतो. असा पडदा व्यवहारात आणण्याचे श्रेय १९६० च्या सुमारास अमेरिकेत संशोधन करणारे सिडनी लोब व आपले श्रीनिवास सौरिराजन यांचे. भाभा अणुसंशोधन केंद्राने कल्पाक्कम येथे समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी हे तंत्र योजले.

पण अलीकडे राहिलेल्या क्षारांचे काय? घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे अनेकदा दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकले जाते. कल्पाक्कमला समुद्र आहे. आपल्याकडे ते ओढ्याला, नाहीतर शोषखड्ड्यातून पुन्हा विहिरीलाच मिळते.

म्हणून आधी पाणी तपासा. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील आणि अन्य घातक द्रव्ये नसतील, तर गाळणे व निर्जंतुकीकरण पुरेसे आहे. यंत्र बसवायचेच, तर बाहेर पडणाऱ्या पाण्याची व्यवस्था आधी ठरवा. ते धुण्या-पुसण्यास वापरता येते. आणि शेतात ठिबक व निचऱ्याची सोय करा.

कृष्णामाईने आपल्याला गोडेच पाणी दिले होते. ते गोडे राखण्याचे दायित्व यंत्रावर सोपवता येणार नाही.