पोराच्या खिशातला फोन आणि बाटली



दारूच्या दुकानांवर आपण मोर्चे काढले. गावोगावच्या बायांनी मतदान करून बाटली आडवी केली. पण पोरगा आता गावात नाही. तो पुण्याला, नागपूरला खोली करून शिकतो आहे. तिथे कोणती बाटली आडवी करणार? रात्री त्याच्याजवळ कोणी असेल तर तो फोन. म्हणून फोनच्या मदतीने व्यसन रोखता येते का, हे आम्ही तपासायला बसलो.

स्वीडनमध्ये दारू विकण्याचा मक्ता सरकारी कंपनीकडे आहे. त्या कंपनीने एक ॲप काढले. किती प्यालो ते भरायचे, रक्तात दारू किती भिनली याचा अंदाज ते सांगणार. विद्यापीठातल्या जास्त पिणाऱ्या सुमारे १,९०० मुलामुलींचे तीन गट करून याची परीक्षा झाली, निष्कर्ष २०१४ साली छापून आले. सात आठवड्यांनी काय दिसले? हे ॲप वापरणारी मुले ॲप न मिळालेल्यांपेक्षा जास्त वेळा पिऊ लागली होती! मुलींमध्ये तसा फरक नव्हता. विकणाऱ्यानेच माप हातात द्यायचे, मग दुसरे काय होणार? (हे आमचे मत, संशोधकांचे नव्हे.) पाऊस किती मिलिमीटर झाला हे कळल्याने विहिरीला पाणी येत नाही.

त्याच संशोधकांनी पुढे दुसरे ॲप केले. त्यात सराव होता. मित्राने पेला पुढे केला तर नाही कसे म्हणायचे, तल्लफ आली तर ती ओसरेपर्यंत वेळ कसा काढायचा. १८६ विद्यार्थ्यांवरील हे निष्कर्ष २०१७ साली आले. ज्यांना ॲप मिळाले त्यांच्यात अति पिणारे कमी राहिले.

आपल्याकडे तंबाखू सोडणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०१६ साली मिस्ड कॉलची योजना काढली. मिस्ड कॉल द्यायचा, मग संदेश येत राहतात. त्याला साधा फोनही पुरतो. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे, कॉलेजच्या फाटकाबाहेर तो कसा मिळतो हे मंत्र्यांना विचारा.

आमची खरी शंका वेगळीच आहे. पोराने फोनमध्ये खरे भरले तर ते वाचणार कोण? प्राचार्य? पोलीस? तसा संशय जरी आला तरी तो खोटेच भरणार, आणि सगळे ॲप मातीमोल. म्हणून विद्यापीठांकडे आपली मागणी अशी: मुलाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय कोणाच्याही हाती जाऊ नये, आणि फोनच्या मागे पगारी, शिकलेला समुपदेशक असावा. दारूवरच्या करातून तिजोरी भरणाऱ्या सरकारला एवढा खर्च जड नाही.

तोपर्यंत हे दोन आकडे लिहून घ्या. १४४१६, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी, मराठीतून, दिवसरात्र. आणि १४४४६, व्यसनमुक्तीसाठी. दोन्हींना पैसे पडत नाहीत. मुलाला पैसे पाठवाल तेव्हा तेही पाठवा.