उशिरा आलेला गडी

मुद्राचित्रण विभागातल्या माझ्या मित्रांनो,

अंगावर गाऊन आहेत, पण नखांतली शाई काही गेलेली नाही. असू द्या. आमचीही कधी गेली नाही.

आज तारास शेव्हचेन्कोविषयी बोलतो. युक्रेनचा तो महाकवी. मला मात्र तो आपल्या धंद्यातला माणूस म्हणून जवळचा वाटतो. १८१४ साली तो भूदासाच्या घरी जन्मला, म्हणजे जन्मतःच जमीनदाराच्या मालकीचा. चित्रकार कार्ल ब्र्युलोव्हने कवी झुकोव्स्कीचं व्यक्तिचित्र रंगवलं, त्याची सोडत काढली आणि त्यातून अडीच हजार रुबल भरून १८३८ मध्ये तारासला सोडवलं. एका चित्राच्या किमतीत एक माणूस! पुढे १८४४ मध्ये तारासने 'चित्रमय युक्रेन' ही एचिंगची माला काढली. तिच्या कमाईतून भावंडांना सोडवायचा त्याचा बेत होता. सहा चित्रं निघाली आणि माला थांबली.

१८४७ मध्ये अटक झाली. साधा शिपाई म्हणून त्याला दूर धाडलं, वर झार निकोलसने स्वहस्ते शेरा मारला: लिहायला बंदी, चित्र काढायला बंदी. ही शिक्षा दहा वर्षं चालली. (बुटात लपवलेल्या चिमुकल्या वह्यांत तो लिहीत राहिलाच, ती गोष्ट वेगळी.)

कॅस्पियनकाठच्या किल्ल्यात सुटकेची वाट पाहताना त्याने रोजनिशीत आपला हिशेब मांडला. इतकी वर्षं अडवलेल्या हाताला आता तैलचित्रं जमायची नाहीत; मग एचिंग आणि अ‍ॅक्वाटिंटच शिकावं. एक प्लेट, अनेक ठसे. चांगलं चित्र चार घरांत पोचतं. पीटर्सबर्गला परतल्यावर चव्वेचाळिसाव्या वर्षी तो प्राध्यापक योर्दान यांच्याकडे विद्यार्थी म्हणून गेला. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुई, मग आम्ल. पत्रा बाहेर काढायला जरा उशीर झाला की महिन्याची मेहनत कशी मातीत जाते, ते तुम्हाला मी काय सांगणार!

त्याने तांब्यावर उतरवलं ते रेम्ब्रांचं एक चित्र, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचं. बायबलातली ही कथा. सकाळपासून राबणाऱ्याला आणि दिवस मावळताना आलेल्याला मालक सारखीच मजुरी देतो, आणि सकाळचे मजूर कुरकुरतात. पिढ्यान्‌पिढ्या बिनमजुरीने राबलेल्या घरातला हा मुलगा, कलेच्या मळ्यातही उशिराच पोचलेला. भिंगाखाली ते हात, ती नाणी कोरताना त्याच्या मनात काय चाललं असेल? माझ्या मते त्याची स्वतःची एचिंगमधली आत्मचित्रं याहून सरस आहेत, पण १८६० मध्ये पीटर्सबर्गच्या कला अकादमीने 'अकादमीशियन' हा किताब दिला तो अशा दुसऱ्यांच्या चित्रांवरून केलेल्या कामासाठी. अकादम्यांचं असंच असतं. अध्यक्षमहाशय, क्षमा असावी.

मार्च १८६१ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, अकादमीच्याच इमारतीत तो गेला. भूदासांच्या मुक्तीच्या फर्मानावर झारची सही होऊन आठवडा झाला होता. ते लोकांना वाचून दाखवायला अजून एक आठवडा होता.