एकदाच दिसलेला बिघाड



 एम्बेडेड सॉफ्टवेअरवर मराठीतून दोन दिवस बोलायला पुण्यातल्या या परिषदेला इतकी मंडळी येतील, असे आम्हा स्वागत समितीला वाटले नव्हते. ऐनवेळी जेवणाची पाने वाढवावी लागली, पण अशी धावपळ कोणाला नको असते?

हा विषय पुण्याच्या अंगवळणी पडलेला आहे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले, बहुतेक दुचाकींचे कार्बुरेटर गेले आणि इंधन इंजेक्शन आले. पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यांतल्या गाड्यांतही इंजिनाचा कारभार मायक्रोकंट्रोलरकडे गेला. दूधवाला पहाटे किक मारतो तेव्हा आतला प्रोग्रॅम त्याच्या गावीही नसतो. नसावाच. मात्र तो प्रोग्रॅम अडला, तर आडरस्त्याला त्याच्याजवळ ना डीबगर असतो, ना तुम्ही असता.

स्वागताध्यक्षाने थोडक्यात आटपावे, हा संकेत मला ठाऊक आहे. आरटीओएस (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम), मिस्रा-सी ही सी भाषेची नियमावली, चाचण्या यांवर जाणकार बोलतीलच. मी एकच जुनी हकीकत सांगतो.

४ जुलै १९९७ रोजी नासाचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. काही दिवसांनी त्याचा संगणक मधूनच रीसेट होऊ लागला. दर वेळी त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई. कारण होते प्रायॉरिटी इन्व्हर्जन. सरकारी कचेरीत कपाटाची किल्ली कनिष्ठ कारकुनाकडे असावी, साहेब त्या किल्लीसाठी खोळंबावेत आणि मधल्या हेडक्लार्कने कारकुनाला जागेवरून उठूच देऊ नये, तसे. हवामानाची नोंद घेणारे कमी अग्रक्रमाचे टास्क म्युटेक्स, म्हणजे सामायिक साधनाचे कुलूप, धरून बसे, मध्यम अग्रक्रमाची कामे त्याला मागे सारत आणि डेटा बस सांभाळणारे उच्च अग्रक्रमाचे टास्क ताटकळत राही. ठरल्या वेळी काम झालेले नाही, हे ध्यानात येताच यंत्रणा खबरदारी म्हणून स्वतःला रीसेट करी.

कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत यानाची जुळी यंत्रणा होती. तिच्यावर तोच बिघाड पुन्हा घडवून आणला, तेव्हा मूळ सापडले. व्हीएक्सवर्क्स या आरटीओएसमध्ये प्रायॉरिटी इनहेरिटन्सची, म्हणजे म्युटेक्स धरणाऱ्या टास्कला खोळंबलेल्या टास्कचा अग्रक्रम तात्पुरता देण्याची, सोय आधीपासून होती, पण त्या म्युटेक्ससाठी ती बंद होती. पृथ्वीवरून बदल पाठवून ती चालू केली आणि रीसेट थांबले.

ही हकीकत अभ्यासक्रमात म्युटेक्सच्या धड्यात सांगतात. मला तिच्यातल्या दुसऱ्याच दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. पहिली, चाचणीच्या वेळचा ट्रेस नोंदवणारा कोड लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांनी यानातून काढून टाकला नव्हता. प्रॉडक्शन बिल्ड करताना 'लॉगिंग काढा, फ्लॅश वाचवा' असा हुकूम देणाऱ्या व्यवस्थापकांनी (काही पुढच्या रांगेतच बसले आहेत, त्यांचेही स्वागत!) हे ऐकावे. काही किलोबाइटचा रिंग बफर, रीसेटचे कारण नोंदवणारे रजिस्टर आणि शेवटी कोणते टास्क चालू होते त्याची खूण, एवढे तरी गाडीबरोबर जाऊ द्या.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. हा रीसेट उतरण्यापूर्वीही दिसला होता, पण शोधायला गेल्यावर तो पुन्हा घडेना. आपल्याकडे अशा तक्रारीवर 'पुन्हा आढळला नाही' असा शेरा मारतात आणि फाइल मिटते. माझ्या मते एम्बेडेड कामात हा सर्वांत महागडा शेरा आहे. इंटरप्ट, सामायिक चल आणि टास्कांच्या वेळा यांचे नेमके जुळणे लाखातून एकदा होत असेल, पण रस्त्यावर लाखो गाड्या धावू लागल्या की ते रोज कुठेतरी होणारच.

म्हणून एक विनंती. उद्या दुपारचे सत्र आम्ही मुद्दाम मोकळे ठेवले आहे. एकदाच दिसलेला आणि पुन्हा हाती न लागलेला बिघाड तुमच्याकडे असेल, तर तो तिथे मांडा. कंपनीचे नाव सांगू नका, पण सर्किट, कोड आणि टायमिंगची आकृती जरूर आणा. फळा मोठा आहे आणि चहाची किटली रिकामी राहणार नाही, याची हमी स्वागत समितीची.