ताप आणि गोधडी

श्रोतेहो, मुलाचं अंग तापलं की आजी आधी गोधडी काढते. नेमकं तेच नको! सुती, सैल कपडे घाला. बर्फाच्या पाण्याच्या घड्याही नकोत. त्यानं हुडहुडी भरते. पेज, वरणाचं पाणी, तान्ह्याला अंगावरचं दूध थोडंथोडं देत राहा.

पॅरासिटामॉलचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. थेंबांचं औषध सिरपपेक्षा बरंच तीव्र असतं, म्हणून एकाचं माप दुसऱ्याला लावू नका. अ‍ॅस्पिरिन तर मनानं देऊच नका.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप आला, तर थेट दवाखाना गाठा. मूल कितीही मोठं असो, झटके आले, धाप लागली, पाणीही पिईना किंवा हलवूनही नीट जागं होईना, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.